पोफळीला दरवर्षी तोच कोळेरोग, झाडाला प्रतिकारशक्ती नसतेच का?

कुळागर_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात आमचं वडिलोपार्जित कुळागर आहे, पोफळी, मधे मधे माड, मिरवेली, जायफळ, केळी, नेहमीचंच सगळं. दर पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग येतो. जुलैत झड लागली आणि मधेच जरा ऊन पडलं की हिरव्या सुपाऱ्या टपाटप खाली, टोपीजवळ भिजल्यासारखा काळपट डाग आणि दोन दिवसांत त्यावर पांढरी बुरशी. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं, तांबं असलेलं मिश्रण) मारतो पण वर चढणारी माणसं वेळेवर मिळत नाहीत आणि मिळतात तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो.

पण माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. घरात पोरांना कांजिण्या झाल्या, एकदा झाल्या आणि विषय संपला. गाईला लाळ्या-खुरकुतीची लस देतो. मग पोफळीचं काय? इतकी वर्षं तोच रोग, तेच झाड, तरी त्याला तो ओळखता येत नाही असं कसं? झाडांना प्रतिकारशक्ती असते की नसते, आणि असली तर वाढवता येते का? विचारायचं कारण म्हणजे एका दुकानदाराने 'झाडाची इम्युनिटी वाढवणारं' म्हणून एक बाटली दाखवली, महाग आहे आणि आत काय आहे ते लेबलवर धड लिहिलेलंच नाही. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, मे महिना आहे, ठरवायला दिवस कमी आहेत.

माती_आणि_मूळ

बाब, असते, आणि चांगली भक्कम असते. मी कॉलेजात वनस्पती रोगशास्त्र शिकवतो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी हे बघा की हवेत, मातीत, पाण्यात बुरशींचे किती बीजाणू फिरत असतात, आणि पोफळीला खरोखर आजारी पाडणारे किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांना झाड दाद देत नाही. पानावर मेणाचा थर असतो तो पहिला अडथळा. जिवाणू पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरायला बघतात तर त्यांचा सुगावा लागताच छिद्रं मिटतात. जिवाणूच्या शेपटीचं जे प्रथिन आहे त्याचा एक छोटासा तुकडा झाडाच्या पेशीवरचे रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारी प्रथिनं, ओळखतात, आणि लगेच पेशी भिंत जाड करायला घेते, बुरशीला मारक रसायनं बनवायला लागते. एवढ्यानंही भागलं नाही तर ज्या पेशीत रोग शिरलाय ती पेशी आणि शेजारच्या थोड्या स्वतःहून मरतात, म्हणजे रोगजंतूला जिवंत पेशीवर जगायचं असेल तर त्याची तिथंच उपासमार. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका दिसतो, भोवती पान हिरवंगार आणि ठिपका दिवसेंदिवस तेवढाच राहतो, तिथं बऱ्याचदा झाडाने लढाई जिंकलेली असते. सगळेच ठिपके तसे नसतात हं, ठिपका पसरत चाललाय, कडेला पिवळं वलय आहे तर रोग पुढे सरकतोय असं समजा.

आता फरक कुठे आहे ते सांगतो. आपल्या अंगात रक्त फिरतं, पांढऱ्या पेशी सगळीकडे गस्त घालतात, एखाद्या पेशीला जंतू ओळखता आला की तिच्या हजारो प्रती तयार होतात आणि त्यातल्या काही वर्षानुवर्षं टिकतात, तीच कांजिण्यांची आठवण. झाडात रक्त नाही आणि पेशी भिंतीत बंद, जागची हलू शकत नाही. म्हणजे गावात पोलीसच नाहीत, प्रत्येक घराने आपापली राखण करायची. म्हणून ओळखायची सगळी हत्यारं प्रत्येक पेशीत जन्मापासूनच ठेवावी लागतात. पेशीच्या आत घुसलेल्याला ओळखणारी एका प्रकारची जनुकं भाताच्या रोपात ४०० हून जास्त आहेत, माणसात त्या धर्तीची विसेक. पण हा साठा बियाण्याबरोबर येतो, एका जन्मात नवीन भर पडत नाही. तुमच्या पोफळीने कोळेरोग कितीही पावसाळे बघितला तरी त्याच्यासाठी नवीन अँटिबॉडी, म्हणजे त्या जंतूला नेमकी पकडणारी प्रथिनं, ती बनवू शकत नाही.

आठवण अगदीच नसते असंही नाही. १९६१ साली रॉस नावाच्या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या एका पानाला मोझॅक विषाणूची लागण केली आणि पुढे त्याच झाडाच्या दुसऱ्या पानांवर लागण करून बघितली तर तिथं रोग फारच कमी धरला, म्हणजे एका पानाची खबर सगळ्या झाडाला गेली होती. १९७९ मध्ये व्हाइट यांनी तंबाखूच्या पानात चक्क ॲस्पिरिन टोचलं तर तसाच परिणाम मिळाला, कारण झाडाच्या आतला धोक्याचा निरोप सॅलिसिलिक ॲसिडवर चालतो आणि ॲस्पिरिन त्याचंच भावंड. फक्त ही सावधगिरी टिकते ती दिवस-आठवडे, आणि ती कुठल्या एका रोगापुरती नसते, एकंदर झाड सावध होतं इतकंच.

मग कोळेरोग का जिंकतो? त्याचा जंतू फायटोफ्थोरा, आपण बुरशी म्हणतो पण खरं तर ती बुरशी नव्हेच, नात्याने समुद्रातल्या तपकिरी शेवाळांना जवळची. त्याचे बीजाणू दोन शेपट्यांच्या जोरावर पाण्यात पोहतात, म्हणून झड लागली की त्याची चंगळ. आणि तो आत शिरताना अशी प्रथिनं सोडतो की झाडाची धोक्याची घंटाच बंद पडते. १८४५ मध्ये आयर्लंडचा बटाटा ज्याने संपवला तो याचाच भाऊबंद. पोफळ दुबळी नाही, समोरचाच फार तयारीचा आहे.

एक गोष्ट तुमच्या परसातलीच सांगतो कारण ती मला फार आवडते. मानकुराद आंबा झाडावर असताना कसा निर्मळ हिरवा असतो, आढीत घातला की चार दिवसांत काळे डाग. लोक व्यापाऱ्याला बोलतात, गाडीवाल्याला बोलतात. पण करप्याची बुरशी कित्येकदा मोहोराच्या किंवा कैरीच्या वेळीच सालीत जाऊन बसलेली असते. कच्च्या सालीत बुरशीला रोखणारी रसायनं असतात, ती असेपर्यंत बुरशी महिनोन् महिने गप्प पडून राहते. फळ पिकायला लागलं की ती रसायनं घटतात, साखर वाढते आणि बुरशी जागी होते. म्हणजे कैरी एवढे दिवस रोग अंगावर बाळगून त्याला दाबून ठेवत होती! म्हणूनच काढलेले आंबे ५२ अंशाच्या आसपास गरम पाण्यात थोडा वेळ बुडवतात, सालीतली झोपलेली बुरशी मरावी म्हणून.

गोठा_सांगे

सरांनी छान समजावलं. मी झाडातली नाही, गोठ्यातली आहे, पण लसीचा विषय निघाला म्हणून लिहिते. लाळ्या-खुरकुतीची लस दादा, दर सहा महिन्यांनी द्यावी लागते, तीही आठवण कायमची नसते, आणि त्या विषाणूचे प्रकारही अनेक आहेत, एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. तेव्हा जनावराला एकदा टोचलं की झालं असं समजू नका.

आणि वासराचं तर सगळ्यांनी वाचा. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईच्या अँटिबॉडी वारेतून मिळतात. गाईच्या वारेतून त्या जात नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हाताने, त्याला जे मिळायचं ते पहिल्या चिकातूनच. आणि त्याच्या आतड्यातून त्या अँटिबॉडी अख्ख्या रक्तात जायची सोय पहिले २४ तासच असते, तीही तासागणिक कमी होत जाते, म्हणून पहिल्या ६ तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, वजनाच्या दहावा हिस्सा धरा म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. आमच्याकडे अजूनही घरोघरी वार पडेपर्यंत थांबतात, वासरू बिचारं धडपडत असतं आणि हे लोक थांबतात, मग आठ दिवसांत हगवण लागते आणि वासरू जातं. माझ्या शेजारच्या गोठ्यात हे बघून मला रडू आलंय. खरवस हवा तर खा पण वासराचं पोट भरल्यावर.

खाजन_मानस

झाडांसारखीच गत सुंगटांची, म्हणजे कोळंबीची आहे म्हणून लिहितो. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, आमची कोळंबीची तळी आहेत. व्हाइट स्पॉट हा विषाणूचा रोग आला की तळं दहा दिवसांच्या आत साफ होतं, कवचावर पांढरे ठिपके आणि सुंगटं काठाला येऊन मरतात. नवीन असताना मी पण विचारलेलं की लस नाही का, तर कोळंबीला अँटिबॉडी बनवताच येत नाहीत, कुठल्याच किड्याला खेकड्याला येत नाहीत, त्यामुळे आपल्यासारखी लस तिला लागू पडत नाही.

पण तिचं आपलं संरक्षण आहेच की. तिच्या रक्तातल्या पेशी जंतू गिळतात, आणि कवचाला जखम झाली की ती जागा काळी पडते, ते मेलॅनिन, जंतूला तिथंच कोंडून टाकायचं. मासळी बाजारात बर्फाविना ठेवलेल्या सुंगटांची डोकी काळी पडतात ना, तेही त्याच जातीच्या एन्झाइमचं काम, मेल्यावरही चालू राहतं. एवढं असून विषाणूपुढे भागत नाही, म्हणून आम्ही रोग आतच येऊ नये हे बघतो, बी पीसीआर टेस्ट (विषाणू आहे का ते बघायची तपासणी) केलेलंच घ्यायचं, तळ्याभोवती खेकडे येऊ नयेत म्हणून जाळीचं कुंपण कारण खेकडे हा विषाणू घेऊन फिरतात, वरून पक्ष्यांसाठी दोऱ्या, आणि मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी घेताना बारीक जाळीतून गाळून. तुमच्या कुळागरालाही हेच लागू असणार असं मला वाटतं.

काणकोण_नैसर्गिक

माझं मत वेगळं. तांबं मारून मारून माती खराब केली लोकांनी. जिवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी), पालापाचोळा, गांडूळ, एवढं करा, झाड आतून ताकदीचं झालं की रोग जवळ येत नाही. आमच्या मिरवेलींना मी काहीही मारत नाही आणि त्या छान आहेत.

माती_आणि_मूळ

काणकोणवाले बाब, मातीबद्दलची तुमची काळजी मला पटते, तांबं मातीत साठत जातं हे खरंच आहे, म्हणून गरजेपुरतंच मारायला हवं. चांगल्या मातीतल्या उपयोगी जिवाणूंमुळे आणि ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीमुळे झाडाची प्रतिकारशक्ती आधीच थोडी जागी राहते, हेही सिद्ध झालेलं आहे. पण उतारावरचं, वारा खेळणारं कुळागर आणि दोन डोंगरांमधलं, पाणी साचणारं कुळागर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोंड्याच्या बाजूला अशी खोलगट कुळागरं पुष्कळ, तिथं जुलैत घड दिवसेंदिवस ओलेच राहतात. फक्त जिवामृतावर विसंबून राहा असं मी त्यांना सांगणार नाही, वर्षाचं उत्पन्न आहे ते.

आता बाटलीचं. झाडाची सावधगिरी वाढवणारी औषधं खरी असतात. पोटॅशियम फॉस्फोनेट हे एक, मिरवेलीच्या मररोगावर ०.३ टक्के वापरतात, ते फायटोफ्थोराला थेटही मारतं आणि झाडाचं संरक्षणही जागं करतं. पण आत काय आहे आणि किती टक्के आहे हे ज्या बाटलीवर लिहिलेलं नाही ती घेऊ नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. सुपारीवर काय मारायचं ते तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवेंच्या आयसीएआर या कृषी संशोधन संस्थेत जाऊन विचारा, चांगली माणसं आहेत.

आणि बोर्डो का चुकतो ते समजून घ्या. ते औषध नाही, ते सालीवरचं कवच आहे. बीजाणू पोहत आला आणि तांब्याला लागला की मेला, पण एकदा सुपारीच्या आत शिरला की बोर्डो काहीही करू शकत नाही. म्हणून पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, दुसरी ४०-४५ दिवसांनी उघडीप बघून. माणूस मिळत नसेल तर निदान खोलगट भागातल्या घडांना मे अखेरीस प्लास्टिक पिशवी बांधून घ्या, पाणीच लागलं नाही तर बीजाणू पोहणार कुठे. गळलेल्या सुपाऱ्या आणि सुकलेले घड गोळा करून बागेबाहेर न्या, पुढचा रोग तिथूनच उठतो. खाजनवाल्यांनी म्हटलं ते अगदी बरोबर आहे.

कुळागर_फोंडा

देव बरें करूं सगळ्यांचं, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. बाटली घेत नाही. गोठा ताई, वासराचं घरी वाचून दाखवलं, आमची एक गाय श्रावणात व्यायची आहे, आई म्हणाली आता वारेची वाट बघायची नाही. सर, शेवटचं एक, बोर्डो घरी करताना कधी सुपारीच्या सालीवर भाजल्यासारखे डाग येतात, ते कशाने?

माती_आणि_मूळ

चुना कमी पडला किंवा जुना चुना असला की तसं होतं, मोकळं तांबं राहतं आणि ते साल भाजतं. १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चांगला चुना, दोन्ही वेगवेगळ्या ५० लिटर पाण्यात विरघळवा, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं मुळीच नको. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, ओतताना ढवळत राहा, उलटं करू नका. झालं की घासून लख्ख केलेली कोयती मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुन्याचं पाणी अजून घाला आणि परत बुडवून बघा, पातं स्वच्छ निघेपर्यंत. आणि केलेलं त्याच दिवशी मारून संपवा, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही.