मोबाइलवर मराठी टंकायला फार वेळ लागतो, मदत हवी आहे

सचिवबाई
सोसायटीच्या ग्रुपवर टँकर, लिफ्ट, मेंटेनन्स असल्या सूचना मलाच टाकाव्या लागतात. चार ओळींना अर्धा तास! मधलं एक अक्षर सुधारायला जावं तर बोट पुढच्या शब्दावर पडतं. 'दुसर्या मजल्यावर' असंच उमटतं, रफार काही जात नाही. रविवारी सर्वसाधारण सभा आहे, लवकर सांगा. सेटिंग सगळं नेहमीचंच आहे.

कट्टेकर
नेहमीचंच म्हणजे? अँड्रॉइड की आयफोन? कीबोर्ड कोणता? रोमनमधून लिहिता की थेट देवनागरी कळा?

आळशी_आनंदी
टंकता कशाला? माइकचं बटण दाबा आणि बोला. मी गेली कित्येक वर्षं बोलूनच लिहितोय.

शुद्धलेखनवाला
@आळशी_आनंदी, ते दिसतंच तुमच्या प्रतिसादांत. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. मी 'गच्ची बंद राहील' म्हटलं तर 'गच्च बंद राहील' उमटलं होतं.

आळशी_आनंदी
अर्थ पोचला ना? झालं तर.

सचिवबाई
अँड्रॉइड, जीबोर्ड. pani लिहिते, मग वरच्या पट्टीतून पानी की पाणी ते निवडते. भांडणं नंतर करा हो.

कट्टेकर
वेळ तिथेच जातोय, दर शब्दाला पट्टीकडे बघावं लागतं. भाषांच्या यादीत मराठीची थेट देवनागरी मांडणी जोडा. सुरुवातीला चिडचिड होईल. ऱ शोधा (बहुतेक र दाबून धरल्यावर दिसेल), मग हलन्त (पाय मोडायची खूण ्), मग य: दुसऱ्या. सुधारायचं असेल तर मजकुरावर बोट ठेवूच नका. स्पेसबारवर बोट डावी-उजवीकडे सरकवा, कर्सर एकेक अक्षर हलतो. बॅकस्पेसवरून डावीकडे ओढलंत तर शब्दच्या शब्द पुसले जातात. आणि दर महिन्याची तीच ती वाक्यं पर्सनल डिक्शनरीत शॉर्टकट देऊन ठेवा. 'मेंभ' टंकलं की पट्टीत 'मेंटेनन्स 10 तारखेपर्यंत भरावा' हजर.

पवईचा_माजी
स्वरचक्र कीबोर्ड वापरून बघा, आयआयटी मुंबईचा. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्रात त्याची बाराखडी उघडते, हवी त्या मात्रेकडे बोट सरकवायचं. काना-वेलांटी शोधत बसायला नको.

शुद्धलेखनवाला
छान आहे, पण नवीन फोनवर चालतं का ते आधी बघा. इनस्क्रिप्ट शिका, एकदाच काय तो त्रास. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 1986 पासूनची मांडणी आहे, कॉम्प्युटरवरही तीच.

कट्टेकर
अहो, त्या एका अंगठ्याने टंकताहेत. डावा-उजवा हात कुठून आणणार?

आयफोनवाली
आयफोनवर स्पेसबार दाबून धरला की अख्खा कीबोर्ड ट्रॅकपॅड होतो. शॉर्टकटसाठी सेटिंग्जमध्ये जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट.

सचिवबाई
माझा अँड्रॉइड आहे, वर लिहिलंय. स्पेसबारचं जमलं, कमाल आहे! ऱ पण सापडला. 'मेंभ' मात्र पट्टीत येत नाहीये.

कट्टेकर
शॉर्टकट मराठीखाली घातलात की इंग्रजीखाली?

डोंबिवली_फास्ट
अवांतर: टँकर कितीला पडतो तुमच्याकडे? आमचे लुटतात.