'पक्षपाती', 'धार्जिणे' आणि 'पंक्तिप्रपंच' : अमेरिकी निवडणुकीच्या बातम्यांतील शब्द

प्रश्न

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरचे मराठी लेख वाचताना 'पक्षपाती माध्यमे' हा शब्दप्रयोग इतक्या वेळा समोर येतो की नेमका आरोप कोणता आहे, हेच कळेनासे होते. इंग्रजीत 'पार्टिझन' आणि 'बायस्ड' असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत मात्र दोहोंसाठी सरसकट 'पक्षपाती' लिहिले जाते. एखादे वर्तमानपत्र उघडपणे एका उमेदवाराला पाठिंबा देते आणि एखादी वाहिनी तटस्थतेचा दावा करून एकाच उमेदवाराच्या चुका उगाळत बसते, या दोघांना एकच विशेषण लावणे योग्य आहे काय? नसल्यास कोणते शब्द वापरावेत?

प्रतिसाद १

योग्य नाही, असे माझे मत आहे. 'पक्ष' या शब्दात मुळात दोष नाही. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडल्याशिवाय आपल्याकडे वादच होत नसे. पक्षपाताचा आरोप मात्र त्याच्यावरच करता येतो, ज्याच्याकडून सर्वांना सारखी वागणूक मिळण्याची अपेक्षा असते. वकील अशिलाची बाजू मांडतो म्हणून त्याला कोणी पक्षपाती म्हणत नाही. न्यायाधीशाने तेच केले तर म्हणतात. अमेरिकी माध्यमांबद्दल लिहिताना पहिला प्रश्न हाच विचारावा की ज्याच्यावर आपण आरोप करीत आहोत, त्याने त्या जागी न्यायाधीशाची भूमिका घेतली होती की वकिलाची.

एकोणिसाव्या शतकातील बहुतेक अमेरिकी वर्तमानपत्रांनी वकिलाचीच भूमिका घेतलेली होती आणि ती लपवलेलीही नव्हती. आजचे 'ॲरिझोना रिपब्लिक' हे पत्र १८९० मध्ये 'ॲरिझोना रिपब्लिकन' या नावाने निघाले होते. पुढे बातमीचे पान आणि मताचे पान वेगळे करण्याची शिस्त रुजली, तरी निवडणुकीपूर्वी अग्रलेखातून एका उमेदवाराला पाठिंबा जाहीर करण्याची प्रथा टिकून राहिली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १८६० मध्ये लिंकन यांना पाठिंबा दिला होता, आणि 'ॲरिझोना रिपब्लिक'ने २०१६ मध्ये आपल्या इतिहासात प्रथमच डेमोक्रॅटिक उमेदवाराला, म्हणजे हिलरी क्लिंटन यांना, पाठिंबा दिला. अशा अग्रलेखाला 'पक्षपात' म्हणणे चूक आहे. त्याला 'जाहीर पाठिंबा' असे सरळ म्हणावे. उलट ऑक्टोबर २०२४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना कोणालाच पाठिंबा न देण्याचे जाहीर केले, तेव्हा अडीच लाख वर्गणीदार गेल्याचे वृत्त आले. वाचकांचा राग बाजू घेतल्याचा नव्हता, तर ठरलेली बाजू मालकाने आयत्या वेळी मागे घ्यायला लावल्याच्या समजुतीचा होता. या घटनेला 'पक्षपात' हा शब्द कोणत्याही बाजूने बसत नाही.

'बायस'साठी मात्र आपल्याकडे दोन उत्तम शब्द असताना ते वापरले जात नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते. एक 'झुकते माप' आणि दुसरा 'पंक्तिप्रपंच'. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी कोणाच्या पानावर तुपाची धार आणि कोणाच्या पानावर नुसता वरणभात, हा जो भेद, त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. वाढणाऱ्याने तोंडाने एक अक्षर काढलेले नसले तरी तो दिसतो. १५ मार्च २०१६ च्या रात्री पाच राज्यांतील प्राथमिक निवडणुकांचे (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचे) निकाल येत होते आणि डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणारे बर्नी सँडर्स फिनिक्समध्ये भाषण करीत होते, तेव्हा फॉक्स न्यूज, सीएनएन आणि एमएसएनबीसी या तिन्ही वृत्तवाहिन्यांनी ते भाषण थेट दाखवले नाही. डोनाल्ड ट्रम्प येण्यापूर्वीचे रिकामे व्यासपीठ मात्र पडद्यावर दिसत होते. या तीन वाहिन्यांचा राजकीय कल एकमेकींशी जुळत नाही, तरी त्या रात्री तिघींनीही वाढण्यात एकच भेद केला, कारण प्रेक्षक कोठे आहेत हे त्यांना ठाऊक होते. येथे 'पक्षपाती' लिहिले की वाचक पक्ष शोधू लागतो आणि पैशाचे कारण निसटून जाते.

तिसरा प्रकार 'री ओढण्या'चा. ७ नोव्हेंबर २००० च्या संध्याकाळी वाहिन्यांनी आपल्या अंदाजानुसार फ्लोरिडा राज्य डेमोक्रॅटिक उमेदवार ॲल गोर यांच्या पदरात टाकले, तेव्हा त्या राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ एक तास मागे असल्यामुळे तेथील मतदान अजून चालू होते. दहाच्या सुमारास हा अंदाज मागे घेण्यात आला. मग पहाटे २ वाजून १६ मिनिटांनी फॉक्सने तेच राज्य रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांना दिले आणि अवघ्या चार मिनिटांत एनबीसी, सीबीएस, सीएनएन आणि एबीसी यांनी तीच री ओढली. पुढे तोही अंदाज मागे घ्यावा लागला. फॉक्सच्या अंदाज कक्षाचे (कोणते राज्य कोण जिंकणार हे ठरवणाऱ्या विभागाचे) प्रमुख जॉन एलिस हे बुश यांचे आतेभाऊ होते, म्हणून पक्षपाताचा संशय घेतला गेला, आणि तो घेणे स्वाभाविकही होते. परंतु या सर्व वाहिन्या एकाच सामाईक संस्थेने पुरवलेल्या आकड्यांवर विसंबून होत्या आणि त्याच आकड्यांनी त्यांना संध्याकाळी उलट दिशेने फसवले होते. अखेरचा फरक ५३७ मतांचा निघाला.

अवांतर : या रात्री पडद्यावर बसून भाकिते करणाऱ्यांना इंग्रजीत 'पंडित' म्हणतात. शब्द आपलाच आहे, पण तिकडे जाऊन त्याला उपरोधाची छटा आली आहे. म्हणून मराठीत परत आणताना 'राजकीय पंडित' असे न लिहिता 'भाष्यकार' लिहिणे बरे.

प्रतिसाद २

विवेचन पटले, परंतु 'पार्टिझन'चा प्रश्न अर्धवट राहिला. काही जण 'पक्षनिष्ठ' सुचवतात. पण निष्ठा हा आपल्याकडे गुण मानला जातो, त्यामुळे टीकेचा सूर हरवतो. मग फॉक्ससारख्या वाहिनीला सरळ 'रिपब्लिकन पक्षाचे मुखपत्र' का म्हणू नये? आणि वाहिन्या एखादे राज्य 'कॉल' करतात, म्हणजे ते कोण जिंकणार हे सांगून टाकतात, त्याचे 'निकाल जाहीर केला' हे रूपांतर चालेल काय?

प्रतिसाद ३

'पक्षनिष्ठ'बद्दलची शंका रास्त आहे. तो शब्द कार्यकर्त्यासाठी आणि मतदारासाठी ठेवावा. 'मुखपत्र' मात्र येथे चालणार नाही. 'सामना' हे शिवसेनेचे (पक्षफुटीनंतर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे) मुखपत्र, हे विधान बरोबर आहे, कारण ते पत्र पक्षाच्या वतीनेच बोलते. फॉक्सचे किंवा एमएसएनबीसीचे (आताच्या 'एमएस नाऊ'चे) एखाद्या पक्षाशी असे नाते नाही. अशा वाहिन्यांसाठी मराठी वृत्तपत्रांत रुळलेला 'धार्जिणा' हा शब्द पुरेसा आहे : रिपब्लिकनधार्जिणी वाहिनी, डेमोक्रॅटधार्जिणी वाहिनी. त्यात निष्ठेचा गौरव नाही आणि मालकीचा खोटा दावाही नाही.

अर्थात हे विशेषण संपूर्ण संस्थेला चिकटवण्यापूर्वी विचार करावा. ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री ११ वाजून २० मिनिटांनी ॲरिझोना राज्य जो बायडन यांना सर्वांत आधी देणारी वाहिनी फॉक्सच होती, आणि ट्रम्प यांच्या गोटातून संताप व्यक्त होऊनही तिच्या अंदाज कक्षाने माघार घेतली नाही. बायडन तेथे १०,४५७ मतांनी जिंकले. त्याच वाहिनीच्या चर्चात्मक कार्यक्रमांतून पुढील आठवड्यांत मतदान यंत्रांविषयी निराधार आरोपांची तळी उचलली गेली, आणि त्यापायी एप्रिल २०२३ मध्ये डोमिनियन या यंत्रनिर्मात्या कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन खटला मिटवावा लागला. 'फॉक्स पक्षपाती आहे' या वाक्यात यातले काहीच मावत नाही. कोणत्या कक्षाने, कोणत्या कार्यक्रमात काय केले, ते लिहावे लागते.

'निकाल जाहीर केला' हे रूपांतर टाळावे. आपल्याकडे निवडणूक आयोगाचे अधिकारी निकाल जाहीर करतात, त्यामुळे मराठी वाचकाला वाहिनीलाच तसा अधिकार असल्याचा भास होतो. अमेरिकेत देशभराची मते मोजून विजेता जाहीर करणारा असा आयोग नाही. प्रत्येक राज्य आपला निकाल प्रमाणित करते, डिसेंबरमध्ये निर्वाचक (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून निवडलेले प्रतिनिधी) मतदान करतात आणि जानेवारीत काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, ती मते मोजते. मधल्या काळातली पोकळी १८४८ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था भरून काढत आली आहे. 'कौल दिला' हेही नको, कारण कौल देणारा मतदार असतो. 'असोसिएटेड प्रेसच्या मोजणीनुसार ७ नोव्हेंबर २०२० रोजी बायडन यांचा विजय निश्चित झाला' असे वाक्य थोडे लांब होते, पण ते बिनचूक आहे.