लॉजमध्ये ठराव मांडायला आधी नोटीस कशाला?

नवा_गवंडी
फ्रीमेसन या बंधुसंघटनेत येऊन दोन वर्षं झाली. (लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा, मास्टर म्हणजे शाखेचा अध्यक्ष.) गेल्या मीटिंगच्या शेवटी मास्टरनी नेहमीसारखं तिसऱ्यांदा विचारलं, लॉजच्या हिताचं कुणाला काही सुचवायचंय का. मी उठलो. मीटिंगनंतरच्या जेवणावर आपण फार उधळतो, त्यातून शाळेतल्या मुलांना चष्मे द्यावेत, असं पाचेक मिनिटं बोललो. माना डोलल्या. एकाने बसल्या जागेवरून अनुमोदनही दिलं. तरी मास्टर म्हणाले, "ब्रदर, सेक्रेटरींना लेखी द्या, पुढच्या समन्सवर घेऊ." समोर २५ जण तयार असताना महिनाभर थांबायचं कशासाठी?

ओळंबा
जे आले नव्हते त्यांच्यासाठी. वर्गणी त्यांचीही आहे. समन्स म्हणजे मीटिंगची नोटीस आणि विषयपत्रिका एकत्रच; ती वाचून माणूस यायचं की नाही ते ठरवतो. पाठीमागे त्याच्या पैशांचं ठरवून टाकलंत, तर पुढच्या वेळी तो तुमचं ठरवेल. मास्टरांनी बरोबर केलं.

सोसायटीग्रस्त
ऐकायला छान. पण 'लेखी द्या' हा विषय मारायचा आपला जुना उपाय आहे. माझ्या लॉजमध्ये (नाव नको) एक अर्ज लागोपाठ तीन समन्स हुकला. सोसायटीच्या सभेत निदान अध्यक्षांशी भांडता तरी येतं. इथे मास्टरच्या निर्णयावर सभेत अपील नाही, जायचं तर थेट ग्रँड लॉजकडे, म्हणजे लॉजेसच्या वरच्या संस्थेकडे. तहकुबीचा ठरावही चालत नाही, लॉज बंद करणार मास्टरच. अशा खुर्चीपुढे नवख्याने कागद घेऊन रांगेत उभं राहायचं?

ओळंबा
म्हणून तर कागद हवा! तोंडी विषय एका 'नंतर बघू'त संपतो, समन्सवर छापलेला गिळता येत नाही. सभा चालवायचे अमेरिकन 'रॉबर्टचे नियम' लॉजला लागू नाहीत, पण त्यातही बघा: आधी मंजूर झालेली गोष्ट बदलायला नोटीस दिली असेल तर साधं बहुमत पुरतं, नसेल तर दोन तृतीयांश किंवा एकूण सभासदांचं बहुमत लागतं. म्हणजे नोटीस देणाऱ्याचाच फायदा. (हा रॉबर्ट अमेरिकन सैन्यातला इंजिनिअर. १८६३ साली चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद गळ्यात पडलं, फजिती झाली, आणि मग गडी अभ्यासालाच बसला. पुस्तक आलं १८७६ ला.)

थापी
तुमचं दोघांचं चालू द्या. गवंडीबुवा, तुम्ही ठराव मांडलाच नाहीत की! 'द्यावेत असं वाटतं' हे भाषण झालं. किती, कुठल्या खात्यातून? सेक्रेटरींनी मिनिट्समध्ये काय लिहायचं, 'ब्रदर हळवे झाले'? आधी एक वाक्य, मग अनुमोदक, मास्टरांनी ते वाचून सभेपुढे ठेवलं की मग काय बोलायचं ते बोला. आपण सगळीकडे उलटं करतो, गणेश मंडळातसुद्धा. तासभर बोलून झाल्यावर कुणीतरी विचारतं, "मग नक्की ठरलं काय?"

सोसायटीग्रस्त
हे पटलं. पण पोच घ्या हो, तारखेसकट. सेक्रेटरी कितीही गोड असले तरी.

नवा_गवंडी
लिहून बघितलं: "जेवणाच्या खर्चातून दर मीटिंगला २,००० रुपये चॅरिटी फंडात वळवावेत."

थापी
कधीपासून? आणि ताटातलं काय कमी होणार तेही ठरवून जा. आइस्क्रीमवर आलात तर अनुमोदक मिळायचा नाही.