आज्जीच्या वाकळेचा तुकडा: टाकावा की ठेवावा?

शाहूपुरीची आई:
माझी लेक साडेचार वर्षांची. तिच्या बारशाला माझ्या आईनं स्वतःच्या इरकली लुगड्यांची वाकळ शिवून दिली होती. आता तिचा हातरुमालाएवढा तुकडा उरलाय, एका बाजूला लाल काठ. लेक त्याला 'काठू' म्हणते. झोप आली की तो काठ अंगठ्यानं चोळत पडते. दोरे सुटलेत, मधलं कापड पार विरलंय. जूनपासून मोठ्या शिशूत जाईल. घरात सगळे म्हणतात, "सवय मोडा, गुपचूप टाकून द्या, तसलाच नवा शिवून द्या." आई गेल्या वर्षी वारली. मला तो टाकवत नाही तो लेकीसाठी की माझ्यासाठी, तेच कळंना. कुणाला अनुभव?

कळंब्याचा बाबा:
आमच्या पोराचा टॉवेल होता. पहिलीत गेल्यावर आपोआप सुटला. धुवत जा फक्त.

बालवाडीताई:
ताई, गुपचूप तर अजिबात टाकू नका. न सांगता वस्तू नाहीशी झाली की मूल पुढं दप्तरसुद्धा कुणाच्या हातात देत नाही, हे मी बालवाडीत बघितलंय.

विनिकॉट म्हणून इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. आईपासून थोडं थोडं सुटं होताना मूल अशी वस्तू आधाराला धरतं, असं त्यांनी १९५३ च्या लेखात मांडलं. ती धुतली तरी मुलाच्या लेखी काहीतरी तुटतं, असंही त्यात आहे. म्हणून दादा, धुवायचं ते मुलाला विचारून. बाकी आपोआप सुटतं हे तुमचं खरं.

आणि 'तसलाच नवा' चालत नाही. हूड आणि ब्लूम या संशोधकांनी २००८ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवलं, हुबेहूब दुसरी वस्तू करून देतं असं भासवणारं. ज्यांची जीव लावलेली वस्तू होती, त्यातल्या बहुतेकांनी आपली जुनीच परत मागितली. काहींनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही.

२०१९ च्या कोल्हापूरच्या महापुरातही हेच बघितलं. आम्ही काही जणी छावणीत मदतीला होतो. एका पोरानं बेंदराच्या सणाचा मातीचा बैल शर्टाच्या आत धरून आणलेला. एक शिंग गेलेलं, पाठीचा रंग उतरून पोराच्या पोटाला लागलेला. त्याची आई म्हणाली, कपड्यांचं गाठोडं घरातच राहिलं, पण ह्यानं बैल सोडला नाही. जेवतानाही ताटाशेजारीच. कुणीतरी नवी मोटार दिली. तिच्याशी खेळला आणि दुसऱ्या पोराला देऊनही टाकली. बैलाला मात्र कुणाला हात लावू दिला नाही.

तुमच्यासाठी की लेकीसाठी? दोन्ही असेल, त्यात वावगं काय? पण तुमच्या आईची आठवण जपायचं काम त्या पोरीवर नको. स्वतःसाठी आईचं एखादं लुगडं वेगळं ठेवा. काठू तिचाच राहू दे, फाटून संपला तरी.

शाहूपुरीची आई:
लुगडं आहे एक, ट्रंकेत. वाचून रडूच आलं. काठूला मागनं मलमलीचं अस्तर लावलं तर चालेल का? आता धुतला तर हातातच येईल.

बालवाडीताई:
चालेल, पण तिला शेजारी बसवून लावा, आणि लाल काठ मोकळाच ठेवा, तिच्या बोटाला तोच लागतो. शाळेत न्यायचा हट्ट केला तर दप्तराच्या आतल्या कप्प्यात असू दे. तिच्या बाईंना आधी सांगून ठेवा.