कंत्राटदाराला वर्दी चढवली तर? (नॉर्टन-ग्रिफिथ्सच्या निमित्ताने)

खडीवाला

सर जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स (१८७१–१९३०) हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. हा ब्रिटिश कंत्राटदार, खासदार आणि हौसेने फौजी झालेला गडी. अंगोलातल्या बेंगेला रेल्वेचा सुरुवातीचा टप्पा याचा, मँचेस्टरच्या गटारांचं काम याचं. १९१० साली हुजूर पक्षातर्फे निवडून आला. १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटल्यावर पदरमोड करून 'सेकंड किंग एडवर्ड्स हॉर्स' नावाची अख्खी रेजिमेंट उभी केली.

पण मला लिहायचंय ते पुढचं. २० डिसेंबर १९१४ ला जर्मनांनी फ्रान्समध्ये जिव्हाँशीजवळ आपल्या सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली दहा सुरुंग उडवले. गटारं खोदणारी माझी माणसं शत्रूच्या खाली गुपचूप पोचतील, असं पत्र याने त्याच महिन्यात वॉर ऑफिसला पाठवलं होतं. पत्राची फाइल झाली. फेब्रुवारीत युद्धमंत्री किचनरने (हो, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता तोच) बोलावून घेतलं. खोदतात कसं ते तोंडी सांगण्याऐवजी याने शेगडीजवळचं कोळशाचं फावडं उचललं, तिथेच जमिनीवर उताणा पडला आणि पायाने फावडं रेटून दाखवलं. किचनर म्हणाला, दहा हजार माणसं आणा. काही दिवसांत मँचेस्टरच्या कामावरचे अठरा जण फ्रान्समध्ये हजर. कवायत नाही की परेड नाही.

माझं म्हणणं एवढंच, की साहेबी फौजेला जे महिनोन् महिने सुचलं नाही ते एका ठेकेदाराने करून दाखवलं. अशी माणसं सैन्यात आणि राजकारणात हवीत.

जुनी_बखर

साफ असहमत. तुम्ही गोष्ट सोयीच्या जागी थांबवलीत. १९१६ च्या शेवटी याच गृहस्थाला रुमानियात धाडलं. जर्मन बुखारेस्टकडे सरकत होते, तेल त्यांच्या हाती लागू द्यायचं नव्हतं. प्लोएश्तच्या आसपास तेलाच्या टाक्या पेटवल्या, विहिरींत लोखंडी भंगार कोंबलं, यंत्रं घणाने फोडली, आणि घण घालणाऱ्यांत हा स्वतः पुढे. सुमारे आठ लाख टन तेल गेलं म्हणतात. ज्यांच्या मिळकती जळल्या ते मालक हातापाया पडत होते. बक्षीस काय, तर 'सर' हा किताब. बांधायचं टेंडर असो की मोडायचं, बिल निघाल्याशी मतलब.

खडीवाला

@जुनी_बखर, युद्धात तेल शत्रूच्या हाती जाऊ द्यायचं होतं का? रुमानियाच्या सरकारने आढेवेढे घेत का होईना, होकार दिला होता. आणि घण स्वतः हातात घेणारा खासदार मला तरी दुसरा माहीत नाही.

बोगदेवाला

दोघेही साहेबावरच बोलताय. जरा खालच्या माणसाकडे या.

'क्ले-किकिंग' म्हणजे काय ते सांगतो. चिकणमातीच्या अरुंद भुयारात लाकडी क्रूसावर पाठ टेकून तिरकं पडायचं आणि दोन्ही पायांनी फावडं मातीत रेटायचं. कुदळीचा घाव नाही, म्हणून आवाज नाही. एक जण खोदतो, दुसरा माती पोत्यात भरतो, तिसरा ओढून नेतो. मी स्वतः नाल्याखालून पाइप सरकवण्याच्या कामावर आठ वर्षं काढलीत. ओली चिकणमाती पात्याला अशी चिकटते की दर दोन मिनिटांनी खरवडावी लागते, आणि पाठ रात्रभर ठणकते. आम्हाला डोक्यावर दिवा आणि पंख्याची हवा तरी होती. त्यांना वर जर्मन.

त्या गड्यांना दिवसाला सहा शिलिंग कबूल केले होते, साध्या पायदळवाल्याला एक शिलिंगाच्या आसपास. शेजारच्या खंदकात कुरबुर झाली नसती तरच नवल. हे मात्र मी कंत्राटदाराच्या बाजूने मोजतो. कसबाचा भाव कसबवाल्याला मिळाला पाहिजे हे त्याला कळत होतं, फौजेला नाही.

खडकीकर

'फौजेला सुचलं नाही' हे वाक्य मला खटकलं.

फौजेकडे खोदणारे होते की. खडकीचे सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे खंदक-सुरुंग खोदणारी हिंदी फौजेची पलटण! नावातच सुरुंग आहे. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या १९१४ च्या ऑक्टोबरातच फ्रान्समध्ये होत्या. २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावाच्या गल्लीबोळांत त्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळ म्हणून घुसवलं. झाडून सगळे ब्रिटिश अधिकारी कामी आले किंवा जखमी झाले, जवानही ढिगाने पडले. शिकवून तयार केलेले कारागीर असे संगिनीच्या लढाईत संपवायचे आणि चार महिन्यांनी मँचेस्टरहून गटारवाले आणून 'वा, काय व्यापारी डोकं' म्हणायचं? डोकं कमी नव्हतं. होतं ते वाया घालवलं.

आजही न्यूव्ह शापेलला स्मारक आहे. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पडलेल्या, पण थडगं नसलेल्या ४,७०० हून जास्त हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावं तिथे आहेत. जिव्हाँशी तिथून हाकेच्या अंतरावर.

खडीवाला

@खडकीकर, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, मान्य. तरी एक विचारतो. सॅपर कंपनीचा मेजर किचनरच्या खोलीत जाऊन जमिनीवर उताणा पडू शकला असता? खासदार होता म्हणून दार उघडलं.

खडकीकर

तेच तर दुखणं आहे ना राव.

जुनी_बखर

आणि शेवटही सांगा. अस्वान धरणाची उंची वाढवायचं काम घेतलं, इजिप्तच्या सरकारी अधिकाऱ्यांशी वाजलं. २७ सप्टेंबर १९३० ला अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्याजवळ होडीत गोळी लागलेल्या अवस्थेत सापडला. युद्धात वरून किचनरचा हात होता, शांततेत नियमाने काम करायची वेळ आली तिथे कोसळला.

बोगदेवाला

@जुनी_बखर, शेवटचं वाक्य मागे घ्या. बिल अडकलं की माणसाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही, मी पाहिलंय. बाकी टीका हवी तेवढी करा.

जुनी_बखर

घेतलं मागे. पण बेल्जियममधल्या मेसीन टेकडीखालच्या सुरुंगांचं श्रेयही त्याच्या एकट्याच्या नावावर टाकू नका. ७ जून १९१७ ला पहाटे ३.१० ला १९ सुरुंग उडाले तेव्हा हा त्या कामात नव्हताच. टेकडीखालून जायची कल्पना त्याची म्हणतात, पण घाम दुसऱ्यांचा. त्यात कॅनडा-ऑस्ट्रेलियाचेही लोक होते.

बोगदेवाला

न उडालेलेही होते. त्यातला एक १९५५ च्या जुलैत वादळात विजेने उडाला, एक गाय दगावली. ती कुणाच्या खात्यात लिहायची, साहेबाच्या की खोदणाऱ्यांच्या?