मदत हवी आहे: पीमेमवर (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी) २ एमबीची मेमरी-पानं मिळत नाहीत

बडोद्यातल्या सर्व्हरवर पीमेमची फाइल एममॅप करतोय (प्रोग्रॅमच्या मेमरी-पत्त्यांवर जोडतोय). नेमस्पेस (पीमेमचा वापरासाठी काढलेला भाग) एफएसडॅक्स मोडमध्ये, अलाइनमेंट २ एमबी. पार्टिशन नाही, एक्सएफएस फाइल सिस्टिम थेट उपकरणावर, डॅक्ससह (पेज कॅशे टाळून फाइल थेट वापरण्याची सोय) माउंट. मॅप_शेअर्ड_व्हॅलिडेट आणि मॅप_सिंक हे एममॅपचे फ्लॅग दिले तर एरर येत नाही. (नुसत्या मॅप_शेअर्डसोबत मॅप_सिंककडे कर्नल गुपचूप दुर्लक्ष करतो, म्हणून मुद्दाम सांगतो.) पण एफएस_डॅक्सच्या ट्रेसमध्ये पीएमडी फॉल्टला (२ एमबीचं पान जोडण्याच्या कर्नलच्या प्रयत्नाला) सतत ‘फॉलबॅक’ दिसतं, म्हणजे ४ केबीचीच पानं. मॅपिंगचा पत्ता २ एमबीच्या पटीत घेतला, फॅलोकेटही केलं (फाइलला जागा आधीच राखून ठेवली), फरक नाही. एक्सएफएस_बीमॅपमध्ये (फाइलचे भाग उपकरणावर कुठे आहेत ते दाखवणारी कमांड) एक्स्टेंटची, म्हणजे फाइलच्या सलग तुकड्याची, सुरुवात २ एमबीच्या पटीत नाही, दोष तिथेच वाटतो. डेटा ४०० जीबी, त्यामुळे फॉरमॅट शक्यतो नको. २ एमबीची एक्स्टेंट-साइझ हिंट (जागा किती मोठ्या तुकड्यांत द्यावी याची सूचना) लावून नव्या फाइलमध्ये कॉपी पुरेल, की एमकेएफएसलाच (फॉरमॅटची कमांड) एसयू=२एम, एसडब्ल्यू=१ (स्ट्राइप युनिट आणि रुंदी) द्यावं लागेल?