स्पोर्ट्स इंज्युरीसाठी एमआरआय-सोनोग्राफी बघायला शिकायचंय, मुंबईत सुरुवात कुठून करू?

मैदान_डॉक्टर
नमस्कार मंडळी. ऑर्थो (हाडांचं) करून आता स्पोर्ट्स मेडिसिनकडे वळलोय, दादरला क्लिनिक आहे. पेशंट म्हणजे शिवाजी पार्कातले बोलर, मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे हौशी लोक आणि दहीहंडी जवळ आली की गोविंदा. एक्सरे जमतो, एमआरआयचा रिपोर्ट कळतो पण इमेजेस स्वतः बघून ठाम काही बोलता येत नाही, आणि सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर फिरवतात तो) तर कधी हातात धरलेला नाही. वीकेंड कोर्सच्या जाहिराती रोज येतात, दोन दिवसांत खांद्यापासून घोट्यापर्यंत सगळं. त्यात पैसे घालू, की सरळ मशीन घेऊन हात बसवू? हाताखाली दोन ज्युनियर आहेत, त्यांनाही तयार करायचंय.

रेडिओ_माटुंगा
डॉक्टर, मशीन आत्ता अजिबात नको!! 1994 चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणारा कायदा तुम्ही फक्त खांदेच बघणार आहात म्हणून सोडत नाही. जागेची नोंदणी लागते, मशीन कोण वापरणार त्याचं नाव लागतं, आणि नोंदणी नसेल तर कंपनीला मशीन विकताच येत नाही. पोर्टेबल घेऊन बॅगेतून मैदानावर नेऊ असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. तुमच्या डिग्रीवर आणि ट्रेनिंगवर परवानगी मिळते का ते महापालिकेच्या आरोग्य खात्याकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता कोर्सचं. दोन दिवसांत ओळख होते, हात बसत नाही. एकच सांधा धरा, खांदा बरा, आणि आधी नॉर्मल खांदे बघत सुटा, एकमेकांचे बघा. प्रोब जरासा तिरका पडला की धडधाकट टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काळा दिसतो आणि नवशिका लगेच सुप्रास्पिनेटस (खांद्याच्या वरचा टेंडन) फाटला म्हणून मोकळा होतो. यालाच अ‍ॅनिसोट्रॉपी म्हणतात. प्रोब थोडा हलवून ध्वनिलहरींचा बीम टेंडनच्या तंतूंना काटकोनात आणला की काळेपणा गेला तर टेंडन ठीक, आणि राहिला तर उभ्या-आडव्या दोन्ही प्लेनमध्ये बघायचं. दुसऱ्या बाजूचा खांदा बघायचाच, तो तर फुकटातला रेफरन्स. एमआरआयमध्येही हाच चकवा आहे बरं का, टेंडन मुख्य मॅग्नेटिक फील्डशी साधारण 55 अंशात असला की शॉर्ट टीई सीक्वेन्सवर (एमआरआयच्या एका प्रकारच्या इमेजेसवर) उगाच उजळ दिसतो.

युरोपियन सोसायटी ऑफ मस्क्युलोस्केलेटल रेडिओलॉजीने सहा सांध्यांच्या सोनोग्राफीच्या गाइडलाइन्स नेटवर फुकट ठेवल्यात. पेशंटला कसं बसवायचं, प्रोब कुठे ठेवायचा, सगळं आहे. कोर्सला जायचंच असेल तर हे पाठ करून जा.

ऑर्थो_परळ
सोनोग्राफीचं कौतुक जरा जास्तच चाललंय. गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) आणि आतला लिगामेंट (एसीएल), कार्टिलेज, हाडाच्या आतली सूज, इथे तिचा काय उपयोग? माझ्या मते ट्रेनिंग प्रोबपासून नाही, एमआरआयच्या फॉर्मपासून सुरू करा. आपले ज्युनियर फॉर्मवर फक्त 'पाठदुखी' लिहितात आणि मग रिपोर्ट मोघम आला म्हणून रेडिओलॉजिस्टच्या नावाने खडे फोडतात. 17 वर्षांचा उजव्या हाताचा फास्ट बोलर, डावीकडे कंबर दुखते, मागे वाकलं की वाढते, पार्सचं स्ट्रेस फ्रॅक्चर आहे का, असं लिहा. पार्स म्हणजे मणक्याच्या मागच्या बाजूचा हाडाचा अरुंद भाग. हे फ्रॅक्चर बहुतेक वेळा बोलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असतं आणि सुरुवातीला एक्सरे साफ येतो. एवढं कळलं तर समोरचा फॅट सप्रेस केलेले (चरबीचा उजळपणा दाबून सूज दाखवणारे) सीक्वेन्स लावेल, पार्समधून बारीक काप घेईल. न कळलं तर नेहमीचा डिस्क बघायचा प्रोटोकॉल लागतो आणि पोरगा पुढच्या आठवड्यात परत नेटमध्ये बोलिंग टाकतो.

फिजिओ_ताई
+१०० फॉर्मच्या मुद्द्याला. आणि स्कॅन कधी करायचाच नाही हे पण शिकवा ना त्यांना! माझ्याकडे लोक रिपोर्ट हातात घेऊन रडवेले होऊन येतात, 'डिस्क डिजनरेशन' (मणक्यांमधल्या गादीची झीज) लिहिलंय, आता पळणं बंद का म्हणून. 2015 चा मोठा रिव्ह्यू आहे, पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांत विशीत 37 टक्के आणि पन्नाशीत 80 टक्के जणांना स्कॅनवर डिजनरेशन दिसतं. तसंच घोट्याचं, 1992 चे ओटावा रूल्स: ठरलेल्या चार जागी हाड दाबून दुखत नाही, पेशंट चार पावलं टाकतोय, तर एक्सरे कशाला. दोन मिनिटांची तपासणी आहे पण हात लावायचाच कंटाळा.

मैदान_डॉक्टर
भारी माहिती, वाखू (वाचनखूण) साठवली. मशीन रद्द. पण रेडिओ मॅडम, मग शिकायला कुणा रेडिओलॉजिस्टच्या सेंटरला बसायचं तर ते लोक बसू देतात का हो? की शिकून आमचंच गिऱ्हाईक पळवेल असं वाटतं?

रेडिओ_माटुंगा
वाटतं की, काहींना नक्की वाटतं :) पण स्वतःचा पेशंट घेऊन आलात तर कोण नाही म्हणेल. पेशंटची परवानगी घ्या, सकाळच्या गर्दीत नको, दुपारी या. आणि एक वही करा. तपासून झाल्यावर तुमचं निदान आधी लिहायचं, स्कॅन नंतर बघायचा, शेवटी माझा रिपोर्ट, आणि पुढे आर्थ्रोस्कोपी (सांध्यात दुर्बीण घालून बघणं) झालीच तर आत काय निघालं ते. रिपोर्ट आधी वाचला की इमेजमध्ये तेच दिसायला लागतं, सगळ्यांचंच होतं. ज्युनियरांच्या वह्या वेगळ्या ठेवा, नाहीतर एकमेकांचं बघून लिहितील.

अमेरिकेतल्या स्पोर्ट्स मेडिसिन सोसायटीने 2010 ला फेलोंसाठी (पुढचं खास ट्रेनिंग घेणाऱ्या डॉक्टरांसाठी) सोनोग्राफीचा अभ्यासक्रम काढला त्यातही जाणत्याच्या देखरेखीखाली स्कॅन करण्यावरच भर आहे, वीकेंडवर नाही.

ऑर्थो_परळ
वहीत हॅमस्ट्रिंगचं (मांडीच्या मागच्या स्नायूंचं) पान वेगळं ठेवा. ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्सची 2014 ची ग्रेडिंग आहे, आकड्यापुढे 'सी' असेल तर इजा टेंडनमध्ये गेलेली असते. असा खेळाडू दुखणं थांबलं म्हणून लगेच स्प्रिंटला सोडला तर तीच इजा घेऊन परत येतो.

मैदान_डॉक्टर
ठीक, मग खांद्यापासून सुरू. मॅडम, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. गुरुवारी दुपारी एक पेशंट आहे, विकेटकीपर, हात डोक्याच्या वर नेला की खांदा दुखतो. माझं निदान लिहून पाकिटात घालून आणतो.

रेडिओ_माटुंगा
आणा. आधीचे एक्सरे पण आणायला सांगा त्याला, व्हॉट्सअ‍ॅपवर काढलेले फोटो नकोत.